जुन्या बेसबॉलपटूंचं पोर्ट्रेट: फोटोतला काळा सावलीचा की रंगाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ निवृत्त आहेत आणि दहा-बारा वर्षं हौसेनं तैलरंगात व्यक्तिचित्रं करतात. मुलीचे सासरे अमेरिकन, बेसबॉलवेडे. त्यांच्या पंचाहत्तरीला ख्रिस्टी मॅथ्यूसन या चेंडू टाकणाऱ्या जुन्या खेळाडूचं चित्र भेट द्यायचं ठरलंय. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून १९१०च्या सुमाराचा एक फोटो त्यांनी उतरवून घेतला आणि दोनदा रंगवला. ‘रेखाटन बरोबर येतं, नाक-डोळे जागच्या जागी आहेत, पण चेहरा शाडूच्या मूर्तीसारखा दिसतो आणि डोळे आंधळ्या माणसाचे वाटतात. कातडीसाठी नेमके कुठले रंग मिसळू?’

रंग सांगतो, पण ते शेवटी आणि दोन ओळींत. कारण तुमची अडचण पॅलेटवर नाहीच, ती फोटोत आहे.

मी शिकलो कोल्हापुरात. तेव्हा पोटापाण्याचं काम म्हणजे गेलेल्या माणसांची चित्रं. लग्नाच्या ग्रुप फोटोत कोपऱ्यात उभे असलेले वडील, नखाएवढा चेहरा, आणि गिऱ्हाइकाला हवं दीड बाय दोन फुटांचं, हार घालण्याजोगं पोर्ट्रेट. आमचे गुरुजी फोटो हातात घेण्याआधीच विचारायचे, ‘वडील गोरे होते का सावळे? उन्हातलं काम होतं का बसून?’ मला तेव्हा वाटायचं, फोटो समोर आहे की, विचारायचं काय त्यात. पुढे न्यू जर्सीत आलो, इथल्या संग्राहकांसाठी जुने बेसबॉलपटू रंगवायला लागलो आणि त्या प्रश्नाची किंमत कळली. काळ्या-पांढऱ्या फोटोत माणसाचा रंग नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातला करडासुद्धा खरा नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

डार्करूममधला लाल दिवा आठवतोय का? तो लाल का, तर फोटोच्या कागदावर लावलेल्या मसाल्याला लाल उजेड दिसतच नाही. त्या काळी फिल्मऐवजी असा मसाला लावलेली काच कॅमेऱ्यात घालत, आणि सुरुवातीच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जाग्या होत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मसाल्यात रंगद्रव्य मिसळून त्या हिरव्यालाही जाग्या करता येतात हे दाखवलं, त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमध्ये १९०६पासून बाजारात मिळू लागल्या, पण मैदानावर धावपळ करणाऱ्या वृत्तपत्री छायाचित्रकारांच्या हाती त्या यायला पुढे बराच काळ गेला. म्हणजे तुमचा मॅथ्यूसन ज्या काचेवर उतरला, ती काच तांबड्याला आंधळी होती. लाल ते सगळं काळं, निळं ते सगळं पांढरं.

आता हे चेहऱ्याला लावून पाहा. उन्हानं रापलेला गोरा माणूस म्हणजे तांबूस माणूस. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या पाळ्यांवर, मानेवर तांबडेपणा जास्त. काचेनं तो सगळा गडद नोंदवला. ओठ काळपट झाले. वांगाचे, उन्हाचे ठिपके शाई शिंपडल्यासारखे उठले. तुम्ही फोटो पाहिलात, गालावर गडद दिसलं, म्हणून तिथे सावली समजून बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी भरलंत. पण तिथे सावली नव्हतीच. तिथे रक्त होतं. शाडूची मूर्ती होते ती अशी: जिथे चेहरा सर्वांत जिवंत, तिथेच आपण माती थापतो.

म्हणून ब्रश उचलण्याआधी फोटोच्या प्रत्येक काळ्याला एकच प्रश्न विचारायचा: तू सावलीचा का रंगाचा? सावलीच्या काळ्याला आकाराचं कारण असतं. उजेड डावीकडून असेल तर नाकाच्या उजव्या बाजूला, हनुवटीखाली, टोपीच्या झापेखाली तो यायलाच हवा. रंगाच्या काळ्याला असं कारण नसतं. उजेडाच्या बाजूच्या गालावर, सपाट भागावर उगाच गडद डाग दिसला की तो रंगाचा समजा. मी फोटोच्या प्रिंटवर पेन्सिलीनं अक्षरश: ‘सा’ आणि ‘रं’ लिहीत जातो. अर्धा दिवस जातो यात, आणि तो वाया जात नाही.

डोळ्यांचंही तेच, फक्त उलट्या बाजूनं. मॅथ्यूसन निळ्या डोळ्यांचा, फिकट केसांचा. १८८०चा जन्म, पेन्सिल्व्हेनियातला, कॉलेजात शिकलेला, सहा फुटांहून उंच, आणि त्या काळच्या अमेरिकेला देखणा खेळाडू म्हणून मिरवायला मिळालेला माणूस. निळी बुबुळं काचेवर जवळपास पांढरी पडतात. उरते मधली बाहुली आणि कडेची बारीक काळी रेघ. ते जसंच्या तसं उतरवलंत की डोळा मोतीबिंदू झाल्यासारखा दिसणारच. निळं बुबुळ टोपीच्या सावलीत प्रत्यक्षात बऱ्यापैकी गडद असतं, आजूबाजूच्या सावलीतल्या कातडीच्या आसपास, किंचित उजळ म्हणा. अल्ट्रामरीन, काळा आणि चिमूटभर ऑकर एवढ्यात ते येतं. डोळ्याचा पांढरा भागही पांढरा रंगवू नका, तो करडा-गुलाबी ठेवा. आणि चमकेचा ठिपका वर देऊ नका. स्टुडिओत दिवा वरून असतो म्हणून तो वर पडतो. मैदानावर वरचा उजेड टोपीनं अडवलेला असतो, डोळ्यात शिरतो तो समोरच्या मैदानाचा आणि क्षितिजाजवळच्या आभाळाचा. त्यामुळे बुबुळाचा खालचा अर्धा भाग उजळतो. तेवढं केलंत तरी तुमचा आंधळा माणूस बघायला लागेल.

टोपीवरून आठवलं. त्या काळच्या टोप्यांची झाप आखूड असायची, कापड मऊ, समोरचा भाग बसका. आपल्या डोळ्यांत आजच्या लांब झापेच्या टोप्या इतक्या भिनल्यात की हात नकळत झाप लांबवतो आणि सावली नाकापर्यंत खाली ओढतो. मोजून काढा. बहुतेक फोटोंत ती भुवया आणि वरच्या पापणीपाशीच संपते. टोपी काढलेला फोटो मिळाला तर सोनं. कपाळावर टोपीच्या रेषेवर गोरा पट्टा असतो, खालचा चेहरा रापलेला. काच तर हा फरक दुप्पट करून दाखवते. आपल्याकडे शेतकऱ्यानं फेटा काढल्यावर दिसतो तोच. हौशी लोक ही रेषा पुसून टाकतात, चेहरा एकसारखा करतात. माझ्या मते तीच त्या माणसाच्या उन्हाळ्याची सही आहे.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, घरी करून पाहा. मी आमच्या शेजाऱ्यावर केलं होतं. छपरं घालण्याचं काम करणारा, आयरिश वंशाचा, उन्हानं लाल झालेला, डोळे स्वच्छ निळे. दुपारी अंगणात जुन्या धाटणीची टोपी घालून त्याला उभं केलं आणि साधा रंगीत फोटो काढला. मग संगणकावर त्या फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे केले. फोटोशॉप लागत नाही, गिम्पमध्ये फुकट होतं. फक्त निळा चॅनेल उघडला आणि समोर १८७०चा माणूस आला! गाल काजळी फासल्यासारखे, डोळे उकडलेल्या अंड्यासारखे, वय दहा वर्षांनी वाढलेलं. शेजारी म्हणाला, हा तर माझा आजोबा. मग हिरवा आणि निळा मिसळून पाहिला, साधारण चार भाग हिरवा, सहा भाग निळा, लाल शून्य. तो १९१०च्या वृत्तपत्री फोटोच्या बराच जवळ जातो. आता तुमच्यापुढे एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती आहेत, खऱ्या रंगातली आणि काचेच्या नजरेतली. गालावरचा हा काळा म्हणजे मूळचा इतका तांबडा, असा शब्दकोश आपोआप तयार होतो. तुमच्या ओळखीत कुणी गोरापान, उन्हात फिरणारा माणूस असेल तर त्याचा असा फोटो काढा. जावईबापू तसे असतील तर कामी येतील.

केसांचा आणि डोळ्यांचा खरा रंग कुठून कळणार? फोटोतल्या केसांवर भिस्त ठेवू नका, तांबूस केसही काळे दिसतात. अमेरिकेत १९१७-१८मध्ये पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची सैन्यनोंदणी झाली. शेवटच्या फेरीत १८ ते ४५ वयाच्या पुरुषांना नाव नोंदवावं लागलं, आणि त्या कार्डावर उंची, बांधा, डोळ्यांचा आणि केसांचा रंग असे रकाने होते. शेकडो बेसबॉलपटूंची कार्डं आज स्कॅन होऊन फॅमिलीसर्चवर फुकट पाहता येतात. परदेशी गेलेल्यांचे पासपोर्ट-अर्जही पाहावेत. त्या काळी त्यात कपाळ, नाक, हनुवटी, वर्ण असं वर्णन लिहीत. कारकुनानं घाईत लिहिलेलं असतं, पण ‘निळे’ आणि ‘तपकिरी’ यांत तो सहसा चुकत नाही.

फोटो कुठला घेताय, यावर निम्मं चित्र ठरतं. तुमचा फोटो बेन न्यूज सर्व्हिसच्या संग्रहातला दिसतो. जॉर्ज ग्रँथम बेनच्या या संस्थेच्या सुमारे ४०,००० काचा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि त्यातल्या बेसबॉलच्या कितीतरी चित्रांचे थेट काचेवरून केलेले स्कॅन मिळतात. छोटी जेपेग घेऊ नका, मोठी टिफ उतरवा. तीतून दोन प्रिंट काढा: एक नेहमीची, एक सावल्या उघडून उजळ केलेली. झापेखालचा डोळा पहिल्या प्रिंटमध्ये नुसता काळा असतो, दुसऱ्यात पापणीची घडीसुद्धा दिसते.

पण चेहऱ्यासाठी माझा देव चार्ल्स कॉनलन. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारा माणूस. १९०४ साली बेसबॉलचे फोटो काढायला लागला आणि जवळपास चार दशकं काढत राहिला. १९१०मध्ये टाय कॉब धुरळा उडवत तिसऱ्या बेसवर घुसतो तो जगप्रसिद्ध फोटो त्याचाच, पण माझ्या लेखी त्याची खरी कमाई म्हणजे जवळून काढलेले चेहरे. ग्राफ्लेक्स कॅमेरा, मोठी काच, उघडं ऊन. डोळ्यांवर नेमका फोकस आणि कान मऊ झालेले. हा मऊपणा चित्रात ठेवा. कानाची प्रत्येक वळी कोरत बसलात की चेहरा पत्र्यावर छापल्यासारखा होतो. त्याच्या कॅमेऱ्यासमोरचे लोक तिशीत पंचेचाळिशीचे दिसतात. कुणी कोळशाच्या खाणीतून आलेला, कुणी शेतातून. होनस वॅग्नर पोरवयात खाणीत राबलेला. त्यांना तरुण करण्याचा मोह टाळा.

रेखाटन तुमचं चांगलं आहे म्हणता, तर त्यावर वेळ घालवत नाही. ग्रिड टाकून करा, प्रोजेक्टरनं करा, लाज वाटायचं कारण नाही. बेसबॉलपटूंना चित्रात आणणारा पहिला मोठा अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स. १८७५चं त्याचं सराव करणाऱ्या खेळाडूंचं जलरंगातलं चित्र प्रसिद्ध आहे. तो इतर चित्रांसाठी फोटो कॅनव्हासवर प्रक्षेपित करून खुणा कोरून घ्यायचा आणि हे कुणाला कळू देत नव्हता, हे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी सव्वाशे वर्षांनी शोधून काढलं. एवढी खबरदारी मात्र घ्या: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? १८६०-७०च्या पत्र्यावरच्या फोटोंत प्रतिमा आरशासारखी उलटीच असते. बिली द किड हा बंदूकवाला कित्येक वर्षं डावखुरा समजला गेला तो यामुळेच. काचेच्या निगेटिव्हचंही कुणीतरी उलटं छापून ठेवलेलं सापडतं. सदऱ्याची बटणपट्टी पाहा: पुरुषाच्या सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. बेनच्या काचांवर खाली हातानं नाव लिहिलेलं असतं, ते सुलट वाचता आलं तर फोटोही सुलट. मॅथ्यूसन उजव्या हातानं चेंडू टाकायचा. त्याच्या डाव्या हातात चेंडू दिसला तर थांबा.

आता गणवेश. इथे मी तोंडावर आपटलोय, म्हणून जरा रेंगाळतो.

सुरुवातीच्या वर्षांत एका संग्राहकासाठी साय यंग हा जुना खेळाडू रंगवला होता. १९०३चा फोटो, पहिल्या वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचं वर्ष, बॉस्टनचा संघ. पायांत गडद मोजे. बॉस्टन म्हणजे रेड सॉक्स, रेड सॉक्स म्हणजे लाल मोजे, आणि लाल तर काचेवर काळं दिसतंच! सगळं जुळलं. कॅडमियम रेडमध्ये अलिझारिन मिसळून असे झकास मोजे काढले की काय सांगू. गिऱ्हाइकानं चित्र पाहिलं, दोन मिनिटं गप्प बसला आणि हळूच म्हणाला, ‘१९०३मध्ये हा संघ रेड सॉक्स नव्हता.’ नव्हताच. ते नाव आलं १९०७च्या डिसेंबरात, १९०८च्या हंगामासाठी. त्याआधी मोजे निळे. मी मोजे पुन्हा रंगवले, पण वाळलेल्या लालवर निळा चढवला तो आजही किंचित जांभळा मारतो. त्या माणसानं पैसे पूर्ण दिले, याची मला जास्त लाज वाटली.

तेव्हापासून नियम: आधी साल पक्कं, मग गणवेश, मग रंग. कूपरस्टाऊनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या संकेतस्थळावर संघ आणि साल टाकून गणवेशांची रेखाटनं पाहता येतात. तिथून सुरुवात करा. पाठीवर नंबर दिसला तर फोटो बहुधा १९२९नंतरचा. त्या साली यँकीज आणि क्लीव्हलँड या संघांनी नंबर कायमचे आणले. उभी कॉलर, बटणांऐवजी दोरीनं आवळलेली छाती, हे जुनेपणाचे पुरावे. मॅथ्यूसनच्याच बाबतीत सांगायचं तर १९०५च्या वर्ल्ड सिरीजसाठी त्याच्या न्यूयॉर्क जायंट्सनं मुद्दाम काळे गणवेश शिवून घेतले होते. त्याच मालिकेत त्यानं सहा दिवसांत तीन सामने असे टाकले की समोरच्यांना एकही धाव करता आली नाही. १९११ला पुन्हा काळे. तेव्हा त्याचा काळ्या सदऱ्यातला फोटो सापडला तर तो काळा काचेचा खेळ नव्हे, कापडच काळं आहे.

गडद मोजे लाल की निळे, यासाठी मी एक कच्ची खूण वापरतो: शेजारच्या काळ्या बुटांशी तुलना. लाल मोजा बुटाइतकाच काळा पडतो, निळा सहसा एक पायरी उजळ राहतो. १८६९च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचे, म्हणजे उघडपणे पगारी असलेल्या पहिल्या संघाचे फोटो पाहा, लाल मोजे डांबरासारखे दिसतात. ही खूण पुरावा नव्हे, इशारा समजा. आणि फोटोंना रंग देणारी जी ॲप निघालीत त्यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. त्यांना साल कळत नाही, काच कळत नाही. सगळ्यांना एकाच चहात बुडवून काढतात.

सिगारेटच्या पाकिटातून येणाऱ्या जुन्या रंगीत कार्डांवरही रंगासाठी विसंबू नये. १९०९ ते १९११मधली ती प्रसिद्ध मालिका, जिच्यातलं वॅग्नरचं कार्ड आज लाखो डॉलरना जातं, तीही काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंगवून छापलेली. छापणाऱ्यांनी शेरी मगी या खेळाडूच्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा चुकवलं होतं. त्यांनी मोज्याचा रंग तपासला असेल असं का धरायचं? पार्श्वभूमीची नारिंगी संध्याकाळ मात्र त्यांच्याकडून जरूर उचला.

कापड लोकरीचं, जाड फ्लॅनेल. त्यामुळे घड्या गोलसर, जड, मोजक्या. टेरिकॉटच्या शर्टासारख्या टोकदार चुण्या काढल्यात की काळ बिघडला. घरच्या मैदानावरचा ‘पांढरा’ म्हणजे वापरलेल्या पांढऱ्या शालीचा पांढरा, दुधाळ-पिवळसर. बाहेरगावचा करडा. टायटॅनियम व्हाइट ट्यूबमधून थेट फक्त एका जागी, खांद्यावर ऊन पडतं तिथे.

चेंडू हातात असेल तर तोही पांढरा नको. १९२०पर्यंत एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवत. माती, थुंकी, तंबाखूचा रस लागून तो खजुरासारखा होई. १९२०च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्यात चेंडू लागून गेला, त्यानंतर मळके चेंडू बदलण्याची शिस्त आली. शिवणही एकरंगी नव्हती. मोठ्या संघांच्या स्पर्धा दोन, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग: १९३४पर्यंत नॅशनल लीगच्या चेंडूला लाल-काळा दोरा, अमेरिकन लीगच्या चेंडूला लाल-निळा. मॅथ्यूसन नॅशनल लीगचा, तेव्हा लाल-काळा. हे चित्रात दोन मिलिमीटरचं काम आहे, पण तुमचे व्याही ते आधी पाहतील, लिहून ठेवा. ग्लोव्ह लहान, उशीसारखा, अंगठा आणि तर्जनी यांच्यात फार तर चामड्याची पट्टी. आजच्यासारखी विणलेली जाळी तिथे नको.

हात चेहऱ्याइतकेच रंगवा. शिकागोच्या मॉर्डेकाय ब्राऊनचा उजवा हात मी एकदा रंगवला. लहानपणी शेतावर कडबाकुट्टीत त्याची तर्जनी गेली, पुढे पडल्यानं उरलेली बोटं मोडून वाकडी जुळली. त्या वाकड्या बोटांमुळे त्याचा चेंडू असा वळायचा की भल्याभल्यांची फजिती. त्या पंजाचे जवळून काढलेले फोटो आहेत. मी पहिल्यांदा तुटक्या बोटाचं टोक गुळगुळीत, गोल काढलं, ते चित्रात बोट दुमडल्यासारखं दिसायला लागलं. मग लक्षात आलं, तिथली कातडी ताणलेली आहे, फोटोत तिच्यावर चमक आहे, सुरकुती नाही. बाकीच्या बोटांच्या पेरांना सुरकुत्या ठळक केल्या आणि तिथे फक्त एक थंड, फिकट चमक ठेवली. तेव्हा ते बोट तुटलं.

तुम्ही पुढे आणखी खेळाडू करणार असाल तर कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल थोडं. १८८४मध्ये टोलेडोकडून खेळलेला मोझेस फ्लीटवूड वॉकर, १९२०मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी करणारा रुब फॉस्टर, पॉप लॉइड, यांचे फोटो कमी आणि बरेचसे वृत्तपत्री छपाईचे ठिपके पडलेले. ती तांबड्याला आंधळी काच गडद तपकिरी कातडीवर सगळ्यात जास्त अन्याय करते, सावलीत काहीच उरत नाही. तिथे काळा रंग भरणं म्हणजे त्या अन्यायावर शिक्का. इथे आपण इकडच्या चित्रकारांपेक्षा पुढे आहोत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सावळ्या चेहऱ्याच्या सावलीत लाल-जांभळा असतो आणि कपाळावरच्या उजेडात आभाळाचा निळा, हे आपण घरातच पाहत मोठे झालो. न्यूयॉर्कचे ग्रेग क्राइंडलर यांनी या खेळाडूंची २००हून अधिक व्यक्तिचित्रं केली, ती २०२०मध्ये कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज संग्रहालयात लागली होती. इंटरनेटवर पाहा आणि फक्त कपाळं पाहा.

फिलाडेल्फियाचा खेळाडू बेंडर ओजिब्वे या मूळ अमेरिकन जमातीचा. त्याला सगळे ‘चीफ’ म्हणत, त्याला ते आवडत नसे. चित्राखाली मी चार्ल्स अल्बर्ट बेंडर लिहितो.

आभाळ. फोटोत ते पांढरंफटक आहे म्हणून ढगाळ दिवस समजू नका. निळं आभाळ काचेवर पांढरंच होतं. नाकाच्या सावलीची कड पाहा: धारदार असेल तर कडक ऊन होतं आणि आभाळ निळं. आणखी एक, उघड्या आभाळाखालच्या सावल्यांत निळा उजेड भरलेला असतो, त्यामुळे काच त्या सावल्या डोळ्याला दिसल्या असत्या त्याहून उजळ नोंदवते. म्हणजे सावल्या किंचित गडद आणि थंड, उजेडातले गाल फोटोपेक्षा उजळ आणि उबदार. हनुवटीखाली मात्र मैदानाच्या तांबूस मातीचा उजेड खालून येतो, तिथे थोडी ऊब सोडा.

रंग, कबूल केल्याप्रमाणे: यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, पांढरा. हे चार झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावानं ओळखले जातात. त्यात डोळ्यांसाठी आणि सावलीसाठी अल्ट्रामरीन. ‘फ्लेश टिंट’ लिहिलेली ट्यूब असेल तर शेजारच्या पोरांना देऊन टाका.

तुमचा दुसरा कॅनव्हास फेकू नका. गालांवरचं अंबर वाळलं असेल, त्यावर व्हर्मिलियन-ऑकरचा पातळ थर द्या, डोळे नव्यानं करा. मग चित्राचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि शेजाऱ्यावर केलेला तोच प्रयोग चित्रावर करा: लाल चॅनेल बंद, हिरवा चार, निळा सहा. मूळ फोटोच्या शेजारी लावा. रंग बरोबर बसले असतील तर तुमचं चित्र पुन्हा १९१०चा फोटो होईल: गाल काळवंडतील, ओठ गडद होतील, निळे डोळे पांढरे पडतील. जिथे फरक दिसेल तिथे चूक आहे. ओठ पुरेसे काळे झाले नाहीत तर लाल कमी पडलाय. डोळे पांढरे झाले नाहीत तर तुम्ही निळ्याऐवजी करडा वापरलाय. मी प्रत्येक चित्र देण्याआधी हे करतो आणि दहातली सात चित्रं पहिल्या वेळी नापास होतात.

वॉर्निशची घाई करू नका. तैलरंग वरून वाळला तरी आतून वाळायला सहा महिने लागतात. पंचाहत्तरी त्याआधी असेल तर वॉर्निश न लावताच पाठवा, कॅनव्हास चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळून. व्याह्यांना सांगा, चौकट तिथल्या तिथे ठोकून घ्या. वॉर्निशची बाटली मुलीकडे जाल तेव्हा तिथेच विकत घ्या, विमानात नेऊ देत नाहीत.